गल्ल्यातले तुमचे किती? शंभर वर्षं जुन्या पुस्तकातले तीन धडे



आज सुरुवातीलाच एक प्रश्न. रात्री दुकान बंद करताना तुमच्या गल्ल्यात ६,६०० रुपये आहेत. त्यातले तुमचे किती?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक जण हसून म्हणतात, "सगळेच की सर!" मीसुद्धा दुकान सुरू केल्यावर पहिली तीन वर्षं हेच समजत होतो. बीबीएला वर्किंग कॅपिटलवर पानं भरभरून उत्तरं लिहिली होती, पण स्वतःच्या स्टेशनरीच्या दुकानात घरचा गॅस, मुलाची फी, पाहुण्यांचं जेवण, सगळं गल्ल्यातूनच जायचं. मग होलसेलरचा फोन आला की मी मोबाईल काउंटरवर पालथा घालून ठेवायचो. तीन होलसेलरचे मिळून १ लाख १५ हजार रुपये थकले होते.

त्या दिवसांत घरी एक जुनं पुस्तक पुन्हा हाती लागलं. कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं, 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन'. लेखक जॉर्ज क्लासन. हा माणूस अमेरिकेत नकाशे छापण्याचा धंदा करायचा. १९२६ च्या सुमारास त्याने काटकसर आणि बचतीवर छोट्या गोष्टींच्या पुस्तिका काढल्या. बँका आणि विमा कंपन्या त्या लोकांना वाटायच्या. त्याच गोष्टींचं पुढे हे पुस्तक झालं. गोष्टी घडतात प्राचीन बॅबिलॉनमध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पात्रं काल्पनिक आहेत, पण त्यांच्या अडचणी तुमच्या-माझ्याच आहेत.

धडा पहिला : दहावा हिस्सा, पण कशाचा?

पुस्तकातला अर्काद हा मातीच्या पाट्यांवर मजकूर कोरणारा साधा लेखनिक. अल्गामिश नावाचा श्रीमंत सावकार त्याला सांगतो की जे कमावतोस त्यातला एक भाग आधी स्वतःसाठी ठेव, निदान दहावा तरी. अर्काद गोंधळतो. कमावलेलं सगळं माझंच ना? अल्गामिश म्हणतो, नाही. कपडेवाल्याला देतोस, चप्पलवाल्याला देतोस, सगळ्यांना देतोस, फक्त स्वतःला काही देत नाहीस.

हे वाचून मी जोशात आलो आणि रोज गल्ल्यातले दहा टक्के बाजूला काढायला लागलो. दीड महिन्यात दुकानात माल भरायला पैसे उरले नाहीत!

चूक कुठे झाली? अर्काद पगारी माणूस होता. त्याच्या हातात येणारा पैसा ही त्याची कमाई होती. दुकानदाराच्या हातात येतो तो गल्ला, आणि गल्ला म्हणजे कमाई नव्हे. माझाच हिशेब बघा :

महिन्याची विक्री २,००,००० रुपये. सरासरी २० टक्के मार्जिन धरलं तर ४०,०००. त्यातून दुकानभाडं ७,०००, मदतनीस ६,०००, लाईट-फोन-किरकोळ ३,०००, म्हणजे १६,००० गेले. उरले २४,०००.

गल्ल्याचा दहावा हिस्सा होतो २०,०००. तो काढला तर घर चालवायला उरतात ४,०००! खरा दहावा हिस्सा आहे २४,००० चा, म्हणजे २,४००. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. २४,००० भागिले ३० दिवस, म्हणजे रोजचे ८००. गल्ल्यातल्या ६,६०० पैकी माझे फक्त आठशे. बाकीचे होलसेलरचे, घरमालकाचे आणि मदतनिसाचे. मी इतके दिवस दुसऱ्यांच्या पैशांतून गॅस भरत होतो.

म्हणून आधी स्वतःचा पगार ठरवा. घराचं खातं वेगळं, दुकानाचं खातं वेगळं. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला पगार घ्यायचा आणि मधे गल्ल्याला हात लावायचा नाही. दहावा हिस्सा त्या पगारातून काढायचा.

धडा दुसरा : सल्ला कोणाकडून घेताय?

अर्कादने पहिल्या वर्षाची बचत अझमूर नावाच्या वीट बनवणाऱ्याकडे दिली. अझमूर परदेशातून हिरे-माणकं स्वस्तात आणणार होता. फिनिशियन व्यापाऱ्यांनी त्याच्या हातात काचेचे तुकडे ठेवले. विटा बनवणाऱ्याला रत्नं काय कळणार?

माझा अझमूर म्हणजे माझा मावसभाऊ. माणूस सरळ, मनात काही नाही. त्याने व्हिडिओ बघून सांगितलं, "दादा, मगवर फोटो छापायचं मशीन घे, तुफान चालतं." मी ३८,००० घातले. ना त्याने कधी एक मग विकला होता, ना मी गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याला विचारलं. त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं की आपल्याकडे ही मागणी लग्नसराईपुरतीच असते. मशीन आजही दुकानात मागे कापड टाकून ठेवलंय.

ज्याने तो धंदा स्वतः केलाय, त्यालाच विचारा. पैसे ठेवतानाही हेच. रोजची पिग्मी ही आपल्या दुकानदारांची चांगली सवय आहे, पण ती कुठे भरताय ते बघा. बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्याही ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. एजंट ओळखीचा आहे, एवढ्यावर पैसे सुरक्षित होत नाहीत.

धडा तिसरा : देणेकऱ्याने पळायचं नाही

दबासिरची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. कर्ज करून ठेवलं, बॅबिलॉन सोडून पळाला आणि शेवटी परमुलखात गुलाम झाला. सुटून परत आल्यावर तो प्रत्येक सावकाराच्या दारात स्वतः गेला. कमाईचे दहा भाग केले : एक बचतीला, सात घराला, दोन कर्जाला. कर्जाचे दोन भाग सगळ्यांमध्ये वाटायचे. काही सावकार चिडले, काहींनी मान्य केलं.

मी २४,००० चे तसेच भाग केले. बचत २,४००, घर १६,८००, कर्ज ४,८००. कागद घेऊन तिघांकडे गेलो. पाय जड झाले होते, खोटं कशाला सांगू. एक म्हणाला, "यापुढचा माल रोखीनेच." दुसऱ्याने चांगलंच सुनावलं. तिसरा म्हणाला, "रक्कम लहान असू दे, तारीख चुकवू नकोस." त्या रात्री फोन सरळ ठेवून झोपलो.

कागदावर दोन वर्षं लागणार होती, प्रत्यक्षात अडीच लागली. सुट्टीच्या मे महिन्यात विक्री पडते, तेव्हा हप्ता अर्धा गेला. पण आधी फोन करून सांगितलं. आज तिघंही मला उधारीवर माल देतात.

पुस्तकात काय जमत नाही

जुनं पुस्तक म्हणून प्रत्येक ओळ डोक्यावर घेऊ नका. सात भागांत घर चालवणं मला पहिले सहा महिने जमलं नाही. मी बचत दहाऐवजी पाच टक्क्यांवर आणली, १,२०० रुपये. चालतं. आकडा लहान झाला तरी सवय मोडली नाही. आणि सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात महिन्याला आठ हजारच उरत असतील, तर उधळपट्टीचा दोष स्वतःला देऊ नका. तिथे अडचण कमाईची आहे. मार्जिन, मालाची निवड, गिऱ्हाईक, यावर आधी काम करा. अर्काद जे सात उपाय सांगतो, त्यात शेवटचा हाच आहे : कमावण्याची ताकद वाढवा.

गृहपाठ

उद्यापासून ३० दिवस एका वहीत तीनच आकडे लिहा. आजची विक्री, आजच्या विक्रीतलं मार्जिन आणि घरासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे. चहा-वडापावचे वीस रुपयेसुद्धा लिहा. महिनाअखेर मार्जिनच्या बेरजेतून दुकानाचा खर्च वजा करा आणि जे उरेल त्याला ३० ने भागा. तो तुमचा रोजचा आकडा.

माझा आठशे आला तेव्हा वाईट वाटलं होतं. बायकोला दाखवला, तर ती म्हणाली, "निदान आता कळलं तरी." तुमचा कितीही येऊ दे, घरच्यांना दाखवा आणि पगाराची तारीख त्यांच्यासोबत बसून ठरवा.

भेटू पुढच्या धड्यात. वही आजच आणा!