आळंदीत लग्न ठरलंय? खर्चाच्या यादीत एक रक्ततपासणी घाला

आळंदीत लग्न करायचं म्हटलं की खर्चाचा कागद भराभर भरतो. कार्यालय, गुरुजी, हार-मुंडावळ्या, पन्नास पानांचं जेवण, फोटोवाला. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत राबणारी कितीतरी जोडपी इथंच लग्न लावतात, कारण थोडक्यात आणि एका दिवसात आटोपतं. त्या कागदावर बहुतेकदा नसलेली एक ओळ म्हणजे थॅलेसेमियाची तपासणी. ती असावी, म्हणून हे लिहितो आहे.

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. 'मायनर', म्हणजे वाहक, ठणठणीत असतो. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक खेपेला मूल 'मेजर', म्हणजे आजाराच्या गंभीर रूपाचं, होण्याची शक्यता २५ टक्के. देशात शंभरात तीन-चार जण वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत प्रमाण जास्त असलं, तरी 'आमच्यात नाही हे' असं म्हणून कुणीही निर्धास्त राहू नये.

सुरुवात सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीपासून करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत, त्यामुळे आधी आळंदीचं ग्रामीण रुग्णालय गाठा. खासगीत साधारण २५० ते ४०० रुपये पडतात. रिपोर्ट हातात आला की नुसतं हिमोग्लोबिन बघून घडी घालू नका. खालची एमसीव्हीची, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराची, ओळ बघा आणि त्या आकड्याला तांबड्या पेशींच्या संख्येने भागा. समजा एमसीव्ही ६६ आणि तांबड्या पेशी ५.६ आहेत. ६६ भागिले ५.६ म्हणजे ११.८. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. अशा माणसाला वर्षानुवर्षं 'अंगात रक्त कमी' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि आकडा काही हलत नाही.

पक्कं निदान 'एचपीएलसी' तपासणीत होतं. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं, की माणूस बहुधा वाहक. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच. खासगी लॅबमध्ये माणशी हजाराच्या आसपास खर्च येतो. दोन-तीन ठिकाणी विचारा, दरात बराच फरक असतो. पैशाची ओढाताण असेल तर आधी एकाचीच करा. तो वाहक नसेल, तर दुसऱ्याची लगेच करायची निकड नाही. सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजारही याच तपासणीत कळतो. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून कामाला आलेल्यांनी तेवढ्यासाठी तरी ती करावी.

दोघंही वाहक निघाले म्हणून लग्न मोडायचं नाही. पुढचं माहीत असलं म्हणजे झालं.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. मेजर मुलाला साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, म्हणजे वर्षातून १७ वेळा. एरवी खासगी रक्तपेढीत एका पिशवीला सुमारे दीड हजार रुपये लागतात, पण या मुलांना रक्त मोफत द्यायचं, असा नियम आहे. त्यासाठी थॅलेसेमियाचं ओळखपत्र जवळ ठेवा. कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे लेखी तक्रार करा. खरा फटका असतो तो १७ दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा. कंत्राटी कामगाराला त्या दिवसाचे पैसे कोण देणार? शिवाय वारंवारच्या रक्तामुळे शरीरात लोह साठतं. ते काढायच्या गोळ्या रोज, आयुष्यभर घ्याव्या लागतात. बाहेरून विकत घेतल्या तर दर महिन्याला मोठा खर्च येतो, म्हणून सरकारी केंद्रात नाव नोंदवा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला खासगीत दहा लाखांच्या पुढे जावं लागतं, आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. कोल इंडियाच्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून उत्पन्नाच्या अटीवर दहा लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं केंद्र अशा प्रत्यारोपणासाठीच आहे.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपरला रुग्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

लग्न आधीच झालं असेल तरी वेळ गेलेली नाही. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते, आणि त्याआधी तुमचे दोघांचे रिपोर्ट हाती हवेत. म्हणून दिवस गेल्याचं कळेल त्याच आठवड्यात लॅबमध्ये जा, पहिल्या सोनोग्राफीपर्यंत थांबू नका.