जमिनीवरील सुई व अवकाशातील वादळ

(सामान्य विज्ञान, इयत्ता ७ वी : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षकांसाठी)

हेतू : पृथ्वीच्या चुंबकबलातील बदलांवरून तिच्याभोवतालच्या अवकाशाची स्थिती कळते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे.

साहित्य : सुई, चुंबक, रेशमी धागा, काचेची बरणी, लोखंडी खिळा.

प्रयोग : खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या या भागातील मुलांना परिचित आहेत. अवकाश जाणण्यास नेहमी एवढी मोठी साधने लागतात काय, असे विचारून पाठास आरंभ करावा. चुंबकावर एकाच दिशेने घासलेली सुई बरणीत आडवी टांगावी. ती दक्षिणोत्तर स्थिरावल्यावर बाहेरून खिळा जवळ न्यावा. सुई वळते. जवळचे लोखंड सुईस फसविते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

निरूपण : मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून टांगलेल्या चुंबकांच्या साहाय्याने नोंदी होत असत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्यावर प्रखर तेज चमकलेले दिसले. दुसऱ्या दिवशी कुलाब्यास क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरले. निरीक्षकांनी ही नोंद डोळ्यांनी वाचून केली होती. सूर्याकडून आलेल्या विद्युत्भारित कणांमुळे पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, वलयाकार विद्युत्प्रवाह बळावतो व तो पृथ्वीचे बल घटवितो. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबक विचलित झाले असते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे कार्य अलिबागेस हलविण्यात आले. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन जुन्या-नव्यांचा मेळ घातला गेला. म्हणूनच ही परंपरा तुटली नाही. आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. चुंबकीय वादळाने कृत्रिम उपग्रह, वीजवाहिन्या व रेडिओ संदेश यांस अपाय होतो. त्यामुळे या नोंदींचे मोल वाढले आहे.

सूचना : वर्गातील सुईवर असे वादळ दिसणार नाही, हे स्पष्ट सांगावे. कुलाब्याची १८५९ मधील घटही तेथील एकंदर बलाच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढीच होती. सूक्ष्म बदल टिपण्यास सूक्ष्म उपकरण व अखंड नोंद, दोन्ही लागतात.

प्रश्न : १. वेधशाळा अलिबागेस का हलविली? २. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी का घेतल्या? ३. आपल्या शाळेत चुंबकसूची कोठे ठेवावी व का?