विवाह आणि नामनिर्देशन : राहून गेलेली एक सही

तुळशीचे लग्न पार पडले की जबलपूरच्या मराठी घरांतून याद्या होऊ लागतात. कार्यालय, आचारी, मानपान, नागपूरहून येणाऱ्या वऱ्हाडी मंडळींची उतरण्याची सोय. काहीही विसरले जात नाही. (१९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती, सोयरीक आजही तुटलेली नाही.) या यादीत सहसा एकच बाब नसते : वर आणि वधू यांनी नोकरीस लागताना भरून दिलेली नामनिर्देशनपत्रे.

या विस्मरणाचे मोल किती असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणावरून कळते. संरक्षण लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याने अविवाहित असताना सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीसाठी आईचे नाव दिले होते. २००३ साली त्याचा विवाह झाला. गटविमा व उपदान यांसाठी त्याने पत्नीचे नाव लावले. निधीचे नामनिर्देशन मात्र तसेच राहिले. २०२१ मध्ये त्याचे निधन झाले आणि सासू व सून न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिल्या. कुटुंब निर्माण होताच जुने नामनिर्देशन निष्प्रभ ठरते, या नियमाच्या आधारे रक्कम दोघींत समान वाटण्याचा निर्णय झाला. दोष दोघींपैकी कोणाचाच नव्हता.

१९०४ साली स्थापन झालेला तोफगाडी कारखाना आणि खमरिया येथील आयुध निर्माणी यांवर पिढ्या पोसलेल्या जबलपुरात हा निधी घरोघरी परिचयाचा आहे. १ जानेवारी २००४ नंतर रुजू झालेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तेथेही विवाहापूर्वीचे नामनिर्देशन विवाहानंतर अवैध मानले जाते.

बँकेतील ठेवीची गोष्ट नेमकी उलट आहे. विवाह झाला म्हणून ठेवीवरील जुने नामनिर्देशन आपोआप रद्द होत नाही. ग्राहकाच्या पश्चात बँक त्याच नावाच्या व्यक्तीस रक्कम देते आणि जबाबदारीतून मुक्त होते. परंतु ती व्यक्ती रकमेची मालक होत नाही. ती केवळ वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा अधिनियम, १९५६ नुसार पुरुषाची पत्नी, मुले व आई समान हिस्सेदार असतात. यांपैकी कोणीही हयात असता वडिलांना हिस्सा मिळत नाही, मग ठेवपावतीवर नाव त्यांचेच का असेना.

नोकरी करणाऱ्या वधूने तर हा कायदा अधिक बारकाईने समजून घ्यावा. विवाहित स्त्रीच्या स्वकष्टार्जित संपत्तीवर प्रथम हक्क पती व मुलांचा; ते नसल्यास पतीच्या वारसांचा; आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांचा. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात विवाहानंतर काही महिन्यांतच विधवा होऊन सासर सुटलेल्या, माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेल्या स्त्रीची संपत्ती सासरच्या वारसांकडे गेली. सहानुभूती आणि कायदा यांची येथे फारकत झाली, असेच म्हणावे लागते. वृद्ध आईवडील जिच्यावर अवलंबून आहेत, तिच्यासाठी साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र हाच खरा उपाय होय. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. हिंदूंच्या बाबतीत विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होत नाही. ख्रिस्ती व पारशी व्यक्तींचे मात्र होते.

आई की पत्नी, हा पेच शाखेतील टेबलावर आता बराच सुटू शकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात व प्रत्येकाचा टक्का ठरविता येतो. लॉकरसाठी चार नावे चालतात, पण एकापाठोपाठ एक अशा क्रमानेच. नवदांपत्याने संयुक्त खाते उघडण्यास शाखेत यावे, तेव्हा दोघांच्याही जुन्या ठेवपावत्या सोबत आणाव्यात.