मणक्यातील ‘गॅप’ : घाबरायचे कधी आणि कधी नाही



वस्तीत आरोग्याच्या कामासाठी फिरताना एक वाक्य आम्हांला सतत ऐकू येते : “ताई, मणक्यात गॅप आलाय.” सांगणारी कधी धुणीभांडी करणारी असते, कधी सफाई कामगार, कधी बांधकामावर पाट्या वाहणारी. मग कपाटातून एमआरआयची मोठी पिशवी निघते. रिपोर्टवर ‘डिस्क डीजनरेशन’, ‘डिस्क बल्ज’ असे शब्द असतात. अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसतो, भीती मात्र घरभर पसरलेली असते.

अशाच एका भगिनीला तीन आठवड्यांच्या कंबरदुखीनंतर एका खाजगी दवाखान्यात सांगितले गेले, “ऑपरेशन केले नाही तर लुळ्या पडाल.” घरच्यांनी व्याजाने दीड लाख काढायची तयारी केली. आम्ही तिला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नेले. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून आधी तिला तपासले. पायाची ताकद ठीक, संवेदना ठीक. गोळ्या आणि व्यायाम दिले. दोन महिन्यांनी ती पुन्हा कामावर जाऊ लागली. कर्ज वाचले. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

दुखणे हा कर्मभोग नाही

आधी एक गैरसमज काढू. “मागच्या जन्माचे भोग” असे म्हणत अंगावर दुखणे काढणारी माणसे आपल्यातही आहेत. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवंतांनी नेमक्या याच मताचे खंडन केले आहे. माणसाला होणाऱ्या वेदनेमागे शरीरातील बिघाड, ऋतुबदल, शरीराची चुकीची हाताळणी, आघात अशी अनेक कारणे असतात. सगळे पूर्वकर्मावर ढकलणे बरोबर नाही, असे ते सीवकाला समजावतात. सेख सुत्तात तर स्वतः भगवंतांची पाठ दुखते. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर ते पुढचे प्रवचन आनंदावर सोपवतात आणि चीवर अंथरून आडवे होतात. पाठदुखी लपवायची गोष्ट नाही, हे यातून कळते. कारण शोधायचे आणि उपाय करायचा.

गादी म्हणजे काय?

आपल्या पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. तिला डिस्क म्हणतात. अशा २३ गाद्या असतात. बाहेरून चिवट कडे आणि आत पाणीदार मऊ गर, अशी तिची रचना असते. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या हाडांतून झिरपून तिला पोषण मिळते. वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते आणि ती चपटी होते. यालाच लोक ‘गॅप’ म्हणतात. खरे तर मणक्यांतले अंतर वाढलेले नसते, कमी झालेले असते. गादी थोडी फुगली तर तो ‘बल्ज’. कडे फाटून गर बाहेर आला आणि त्याने नस दाबली, तर कंबरेतून पायात कळ जाते. ही सायटिका.

फिल्म सगळे सांगत नाही

१९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचा एमआरआय काढण्यात आला. त्यांच्यापैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के होते. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात दुखणे नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या होत्या. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली.

म्हणजे केस पिकावेत तशी गादीही पिकते. फिल्मवर झीज दिसली म्हणून दुखणे तिच्यामुळेच आहे असे ठरत नाही. फिल्ममध्ये दिसणारा दोष, दुखण्याची जागा आणि हातापायांची तपासणी, हे तिन्ही जुळले तरच निदान पक्के होते. म्हणून डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहणे, टाचेवर व चवड्यावर चालायला लावणे, पायाची संवेदना आणि गुडघ्याखालचा झटका तपासणे महत्त्वाचे असते. धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची बहुधा गरज नसते. साध्या एक्स-रेत तर गादी दिसतच नाही.

उपचाराबद्दल काय सिद्ध झाले आहे?

पूर्वी कंबर दुखली की पंधरा-पंधरा दिवस फळीवर झोपवत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्के कमी झाले आणि बाकी बरे होण्यात फरक पडला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. दुखणे असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस आराम करावा, मग झेपेल तसे चालायला लागावे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट माहिती देणे यांवर भर आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून कंबर ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे मात्र पट्टा आधी येतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या, तर पोट आणि किडनी बिघडू शकते. कोणाला पाठीवर उभे करून तुडवून घेणे किंवा ‘मणका बसवून’ घेणे हेही धोक्याचे आहे.

ऑपरेशन वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. २००७ साली नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे ऑपरेशन लवकर ठरवले. उरलेल्यांना औषध-व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षानंतर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाल्याचे सांगत होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावे लागले. बाकीचे त्याशिवाय बरे झाले. बाहेर आलेला गर अनेकदा आपोआप आक्रसतो, हे आता माहीत झाले आहे. म्हणजे कळ सहन होत असेल आणि पायाची ताकद टिकून असेल, तर विचार करायला वेळ असतो.

इथे मात्र एक दिवसही थांबू नका

एका हमाल बांधवाची लघवी अडली होती. बायकामुलांसमोर सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी पाच दिवस काढले. रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर झाला. आज ते चालतात, पण लघवीसाठी नळी वापरावी लागते. कण्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. तो दाबला गेला की काही तासांचाही फरक पडतो. म्हणून ही लक्षणे घरातल्या सगळ्यांनी पाठ करावीत :

• लघवी अडणे, कळत नकळत होणे किंवा शौचावरचा ताबा जाणे
• मांड्यांच्या आतली बाजू आणि गुप्तांगाभोवती बधिरपणा
• पायातली ताकद कमी होत जाणे, पाऊल लोळणे

यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल, तर मणक्याचा टीबी असू शकतो. कॅन्सर झालेल्याची पाठ नव्याने दुखू लागली तरी लगेच दाखवा. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. औषधे साधारण वर्षभर घ्यावी लागतात; मध्येच सोडू नयेत.

कोणी उंचावरून पडले तर

पराती किंवा शिडीवरून पडलेल्याला उठवून बसवू नका. रिक्षात कोंबू नका, पाणी पाजू नका. मान आणि पाठ एका रेषेत राहू द्या आणि १०८ ला फोन करा. हलवणे भागच असेल तर चार जणांनी मिळून, ओंडका वळवावा तसे सगळे अंग एकदम वळवून फळीवर घ्यावे. मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सुधारणा जास्त दिसली. म्हणून मांत्रिक, देवर्षी, मालिशवाला यांच्यात वेळ घालवू नका.

डॉक्टरांना विचारा

माझ्या पायाची ताकद कशी आहे? दुखणे आणि फिल्म जुळते का? सहा आठवडे थांबले तर काय धोका आहे? ऑपरेशनचा फायदा आणि जोखीम काय? हे चार प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. ऑपरेशन सांगितलेच तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. खरोखर लागणार असेल, तर कर्ज काढण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, हे रेशनकार्ड दाखवून विचारा.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून घ्या, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. ती दवाखान्यातही लागू आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात धोक्याची लक्षणे मोठ्याने वाचून दाखवा. लाजेने गप्प बसलेल्या एखाद्यापर्यंत ती वेळेत पोचतील.

जयभीम.