वाळलेला मोतिया रंग : बरणी उघडण्यापूर्वी व उघडल्यावर

रंगाच्या व्यापारात वाळलेला रंग आणि वाया गेलेला रंग या दोन गोष्टी बहुधा एकच समजल्या जातात. तेलरंगाच्या बाबतीत हा समज बरोबर आहे. जवसाच्या तेलाचा किंवा अल्किडचा रंग हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतो. त्यात रासायनिक फरक पडतो, आणि तो एकदा पडला की कितीही टर्पेंटाइन ओतले तरी रंग पूर्वस्थितीस येत नाही. नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचे तसे नाही. त्यातील द्रावक उडून जातो व मागे पापुद्रा राहतो, एवढेच. द्रावक पुन्हा मिळाला की पापुद्रा पुन्हा विरघळतो. अमेरिकेतील जुन्या मोटारींचे शौकीन साठ-साठ वर्षांपूर्वीच्या, आतून दगडासारख्या झालेल्या मोतिया रंगाच्या बरण्या आजही का शोधत असतात, याचे मर्म या एका फरकात आहे.

आपल्या सभासदांपैकी कोणी रंगाचा, कोणी प्रसाधनांचा, कोणी खोट्या मोत्यांचा व मणिहारी मालाचा व्यवहार करीत असेल. त्या सर्वांचा या बरणीशी, प्रथमदर्शनी वाटतो त्याहून निकटचा संबंध आहे. बरणीतील रंग जिवंत कसा करावा हा प्रश्न कारागिराचा झाला. परंतु तिच्यात आहे काय, हा प्रश्न श्रावकाचा आहे, आणि तो आधी विचारावयास हवा.

१९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात तरुण कारागिरांनी कारखान्यातून आलेल्या मोटारीचा पत्रा कापून, जोडून व आपल्या मनाप्रमाणे रंगवून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच उभा केला. जॉर्ज बॅरिस, जो बेलन, लॅरी वॉटसन ही त्यांतील ख्यातनाम मंडळी. मिनेसोटातील जॉन कॉस्मोस्की यांनी १९५६ साली सुरू केलेली ‘हाउस ऑफ कलर’ ही पेढी याच हौसेवर वाढली. साध्या रंगाने यांचे समाधान होईना. पांढऱ्या अगर फिक्या अस्तरावर मोतिया लॅकरचे पातळ हात द्यावयाचे, आणि वर स्वच्छ लॅकरची झिलई करावयाची, म्हणजे गाडी उन्हात वळताना तिच्या अंगावरून मोत्याचे पाणी सरकल्यासारखे दिसते. आज त्या काळच्या गाडीची डागडुजी करणाऱ्यास तोच सौम्य, दुधाळ प्रकाश हवा असतो. नव्या रंगांची चमक अधिक झगझगीत असल्यामुळे तो जुन्या बरणीकडे वळतो.

मोत्याचे हे पाणी येते कोठून? बरणीत अतिसूक्ष्म, चपटे, पारदर्शक पापुद्रे असतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि जाडी तिच्याही कित्येक पटीने कमी. लॅकरमध्ये ते एकावर एक, जवळजवळ समांतर असे पसरतात. प्रत्येक पापुद्रा थोडा प्रकाश परतवितो व उरलेला खालच्यास देतो. म्हणून चमक पृष्ठावरची न वाटता खोलातून आल्यासारखी वाटते. पापुद्रा मोडला की चमक गेली, आणि त्याची भुकटी झाली की निव्वळ पांढरी माती उरली. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व कृती या नाजूकपणावर बेतलेली आहे.

हे पापुद्रे तीन प्रकारचे असू शकतात. सर्वांत जुना प्रकार माशांच्या खवल्यांचा. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जॅकॅं नावाचा जपमाळा करणारा कारागीर होता. ब्लीक जातीचे लहान मासे धुतलेल्या पाण्यात रुपेरी तेज उतरते, हे त्याच्या ध्यानी आले, असे सांगतात. ते तेज त्याने पोकळ काचमण्यांच्या आतून लावले, वर मेण भरले, आणि खोट्या मोत्याचा व्यापार सुरू झाला. या द्रव्यास ‘पौर्वात्य सत्त्व’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव पडले. पूर्वेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण व्यापारात नावे अशीच पडतात! खवल्यांतील तेजस्वी स्फटिक ग्वानिन या द्रव्याचे असतात, आणि थोड्याशा सत्त्वासाठी हजारो मासे लागतात. अमेरिकेत मेन राज्यातील ईस्टपोर्ट येथे हेरिंग माशांच्या खवल्यांपासून हेच सत्त्व काढीत. डब्यांत मासे भरणाऱ्या कारखान्यांतून खवले आयते मिळत.

दुसरा प्रकार कारखान्यात बनविलेल्या स्फटिकांचा, म्हणजे शिशाच्या सफेद्याचा. रासायनिक दृष्ट्या हा घराच्या दारांना लावीत तोच सफेदा. फक्त त्याचे षट्कोनी पातळ पापुद्रे वाढविलेले. तो स्वस्त पडे आणि त्याची चमकही उत्तम असे. तिसरा प्रकार अभ्रकाचा. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अगदी पातळ थर चढवावयाचा ही त्यातील युक्ती. ड्यू पॉंट कंपनीस या युक्तीची पेटंटे १९६३ साली मिळाली, आणि पुढे मोटारींच्या रंगात याच प्रकाराने पहिल्या दोहोंची जागा घेतली.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची, म्हणजे कर्मादानांची, यादी हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात दिली आहे. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही अशा खरकर्मांचा विचार आहे. या यादीतील दंतवाणिज्य हे नाव ऐकून आपण हस्तिदंतापुरता विचार करतो व निश्चिंत होतो. पण आचार्यांनी त्यात केस, नखे, हाडे, कातडी, म्हणजे त्रस जीवांच्या अंगांचा व्यापार स्पष्टपणे धरला आहे. खवला त्याबाहेर कसा राहील? तसेच विषवाणिज्यात विष व शस्त्रे यांच्याबरोबर हरताळाचे नाव आले आहे. हरताळ हा सोमलयुक्त पिवळा रंग. तेव्हा रंगद्रव्यही विष असू शकते, ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वीच सांगून झालेली आहे. आमच्या मते शिशाचा सफेदा त्याच सदरात पडतो.

मासळीच्या सत्त्वाबद्दल कोणी म्हणेल की साठ वर्षांपूर्वीच्या बरणीने आज नवा मासा मरत नाही. हे म्हणणे खरे आहे, आणि वारसाने अशी बरणी कोणाच्या हाती आली तर त्यास दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु दुकानदार एक बरणी विकतो तेव्हा तो दुसरीची मागणीही निर्माण करीत असतो. आणि हे सत्त्व अद्याप बनते. प्रसाधनांच्या घटकांच्या यादीत ‘सी. आय. ७५१७०’ असा अंक आढळला तर ते ग्वानिन समजावे. नखरंग व ओष्ठरंग विकणाऱ्या सभासदांनी हा अंक पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

शिशाच्या बरणीबद्दल मात्र आम्ही कोणतीही सवलत देणार नाही. ती जिवंत करू नये. मोटार फवारताना उठणारे धुके व नंतर घासताना उडणारी धूळ कारागिराच्या श्वासात जाते, आणि कपड्यांवरून ती त्याच्या घरी पोहोचते. शिशाने लहान मुलांच्या बुद्धीवर होणारा परिणाम भरून येत नाही. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मोटारीचा रंग त्या नियमात येत नाही, म्हणून तो निर्धोक ठरतो असे नव्हे.

बरणी ओळखावी कशी? प्रथम ती हातात घ्यावी. शिशाचा सफेदा पाण्याच्या साडेसहापटींहूनही जड, अभ्रक सुमारे तिप्पट, आणि ग्वानिन दीडपटीच्या आसपास. लहानशी बरणी आकाराच्या मानाने विलक्षण जड लागली तर ती उघडूच नये. गंधकाच्या वाफांनी शिशाचा रंग काळवंडतो. तेव्हा कडेस करडी वा काळसर झाक दिसली तर शंका अधिक बळावते. चिठ्ठीवर घटक लिहिलेले नसतील व वजनानेही निर्णय होत नसेल, तर प्रयोगशाळेत तपासणी करवावी. शिशाची बरणी बंद ठेवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. मोरीत ओतू नये.

शिसे नाही अशी खात्री झालेली बरणी पुढे घ्यावी. वाळलेला गोळा सुरीने खरवडण्याचा मोह होतो, तो आवरावा. वाळलेले नायट्रोसेल्युलोज, म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिती ज्याच्या होत तेच द्रव्य, ठिणगीने भडकते. खरवडल्याने पापुद्रेही मोडतात. गोळ्याच्या वर बोटभर राहील इतका चांगल्या प्रतीचा लॅकर थिनर ओतावा, झाकण घट्ट लावावे आणि बरणी सावलीत, विस्तवापासून दूर ठेवावी. दररोज ती एकदा उलटी करावी. आठवडाभर, क्वचित दोन आठवडेही, थांबावे लागते. घाईने गरम करणारा किंवा यंत्राच्या पात्याने घुसळणारा मनुष्य पापुद्र्यांचा चुराच हाती घेतो. गोळा मऊ झाल्यावर काचेच्या कांडीने सावकाश दाबीत कालवावा व नायलॉनच्या बारीक गाळणीतून गाळावा. जाळीवर राहिलेल्या गुठळ्या चोळून खाली पाडू नयेत. त्या पुन्हा भिजत घालाव्यात. हे सर्व काम हवेशीर जागी, द्रावकाच्या वाफा रोखणारा मुखवटा लावून करावे.

साधले की नाही हे ढवळताना कळते. कांडीमागे रेशमाच्या घडीसारखे पट्टे वाहू लागले तर पापुद्रे शाबूत आहेत. नुसता दुधाळपणा दिसला तर ते मोडले, आणि ठिपके चमकले तर अद्याप चिकटलेले आहेत. जुने नायट्रोसेल्युलोज कालांतराने पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या गाडीसाठी असा रंग बेताने वापरावा. नव्या पद्धतीच्या दोन भागांच्या युरेथेन झिलईखाली तो सुरकुतण्याचाही संभव असतो.

तरीही आमचा कल नव्या अभ्रकाकडे आहे. बारीक दाण्याची, रुपेरी-पांढरी अभ्रकाची पूड थोड्या प्रमाणात स्वच्छ लॅकरमध्ये घालून पांढऱ्या अस्तरावर पातळ हात दिले, तर जुन्या मोत्याच्या पुष्कळ जवळ जाता येते. अभ्रकालाही अगदी निष्कलंक म्हणवत नाही. झारखंडातील कोडरमा-गिरिडीह भागात त्याचा चुरा वेचण्यास लहान मुले जातात व ढिगारे कोसळून जिवास मुकतात, हे उघडकीस आल्यावर २०१७ साली पॅरिस येथे ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली. पुरवठादारास माल कोणत्या खाणीचा हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर कारखान्यात तयार होणारे कृत्रिम अभ्रक मागावे. ते महाग पडते. कोणताही रंग घेतला तरी गाडीला हात लावण्यापूर्वी तो अस्तर दिलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वर झिलई चढवून, तुकडा काही दिवस उन्हात ठेवून पाहावा.