घरातील छंद आणि मनाचे आरोग्य
(कुटुंबांसाठी माहितीपत्रक)

कुंडीतील रोपांना पाणी घालणे, रेडिओवर गाणी ऐकणे, विणकाम, रांगोळी, पेटीवादन, शब्दकोडे, नातवंडांबरोबर कॅरमचा डाव. अशा गोष्टींना आपण बहुधा रिकामपणचा उद्योग समजतो. आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे मोल याहून मोठे आहे. आवडीच्या कामाने मनाला विसावा मिळतो. तसेच असे काम विनाकारण सुटले, तर मन आजारी असल्याची ती आरंभीची खूण असू शकते. म्हणून घरातील प्रत्येक व्यक्ती कशात रमते, हे इतरांस ठाऊक असावे.

छंद सुटल्यास दुर्लक्ष करू नये

नैराश्याची प्रमुख लक्षणे दोन: सतत उदास वाटणे आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे. यांपैकी एक जरी दोन आठवडे जवळजवळ रोज जाणवत असेल, तर तपासणी करून घ्यावी. झोप व भूक यांत बदल, थकवा, लक्ष न लागणे, स्वतःला दोष देणे ही लक्षणेही सोबत आढळतात. हा आळस नव्हे, स्वभावदोषही नव्हे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ नुसार आपल्या देशात सुमारे वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्य आलेले असते.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी. आजींनी पोथी वाचणे सोडले, त्याचे कारण मोतीबिंदू असू शकते. आजोबा भजनाला बसेनासे झाले, तर त्यांना ऐकू कमी येत असेल किंवा मांडी घालताना गुडघे दुखत असतील. त्यांना आपुलकीने विचारावे.

उत्साहाची वाट पाहू नये

मन खचले की माणूस आवडीची कामे टाळतो. ती टाळल्याने आनंदाचे प्रसंग कमी होतात आणि मन अधिकच खचते. हे चक्र उलट फिरवता येते: आधी लहानसे काम करावे, उत्साह मागाहून येतो.

या तत्त्वावर आधारलेली समुपदेशन पद्धती गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अभ्यासली गेली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या रुग्णांना काही भेटींत पुन्हा दैनंदिन कामांकडे वळवले. तीन महिन्यांनंतर, नेहमीच्या उपचारांना या समुपदेशनाची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. ती जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

घरी काय करावे

१. पूर्वी आवडणारी एक गोष्ट निवडावी व तिचा लहान भाग करावा. पूर्ण स्वेटर नको, दोन ओळी पुरेत.
२. वेळ ठरवावी. सकाळच्या चहानंतर कुंड्या, दिवेलागणीनंतर पेटी, असे रोजच्या क्रमाला जोडल्यास खंड पडत नाही.
३. कामापूर्वी व नंतर मनःस्थितीला ० ते १० पैकी गुण देऊन वहीत नोंदवावे. आठवड्याने कोणते काम मानवते ते कळते.
४. शक्य तेव्हा कुणाला सोबत घ्यावे.
५. घरकामात गुंतलेल्या स्त्रीला रोज अर्धा तास तरी हक्काचा मिळावा. त्या वेळेतील कामे घरातील इतरांनी वाटून घ्यावीत.

घ्यावयाची काळजी

- कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून ताटली घासून कोरडी करावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.
- शिवण, विणकाम, वाचन पुरेशा उजेडात करावे. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.
- गच्चीत वा खिडकीत कबुतरांना दाणे घालू नयेत. त्यांची विष्ठा व पिसे यांमुळे फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो.

मदत केव्हा घ्यावी

छंदाने मन सावरण्यास साहाय्य होते; तो औषधांची जागा घेऊ शकत नाही. चालू असलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत. दोन आठवड्यांत फरक न पडल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात जावे, अथवा टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस, मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचे वा मरणाचे विचार येत असल्याचे बोलल्यास दोन आठवडे थांबू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तत्काळ मदत मिळवावी.

आज घरी गेल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: "हल्ली तुम्ही ते का करत नाही?" उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.