यादीतलं नाव सांगावं का?

पगारपत्रक करणाऱ्याला कंपनीतली वाईट बातमी सगळ्यांच्या आधी कळते. कुणी बोलावून सांगत नाही. ‘फुल अँड फायनल’चा हिशेब काढायला एक्सेल शीट येते आणि तिच्यात आपल्या डब्यातली भाजी खाणाऱ्यांचे कोड नंबर असतात. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी हे काम बरीच वर्षं केलं. नव्या पोरी विचारतात, ‘मॅडम, अशा वेळी सांगायचं का?’

नाव सांगू नका. आमच्याच खात्यातल्या एकाने न राहवून स्टोअरमधल्या मित्राला सांगितलं. मित्र तापट. ‘हे काढणार, त्यापेक्षा मीच सोडतो,’ म्हणत त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. साहेबांनी तो तिथल्या तिथे मंजूर केला. का नाही करणार? वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. राजीनामा दिला की ही भरपाई बुडाली. ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली, पाच वर्षं भरली होती म्हणून. कहर म्हणजे शेवटच्या यादीत त्याचं नाव नव्हतंच! यादी अखेरपर्यंत बदलते. एखादी ऑर्डर येते, एखाद्या साहेबाला आपला माणूस वाचवायचा असतो. सांगणाऱ्यालाही गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून घरी पाठवलं.

म्हणून तोंडाला कुलूप लावून बसायचं का? तेही मला पटत नाही. पुढच्या कपातीच्या वेळी क्वालिटीतली एक मैत्रीण मोशीला फ्लॅट घेत होती. त्याच आठवड्यात करारनामा नोंदवायचा होता. नोंदणीआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे तोवर अडकले होते तेवढेच. पुढे मुद्रांक शुल्क आणि वीस वर्षांचा हप्ता. कॅन्टीनमध्ये तिला म्हटलं, “दुसरी शिफ्ट बंद झालीय, ओव्हरटाइम बंद झालाय, हे तुलाही दिसतंय. नोंदणी महिनाभर पुढे ढकल.”

“काही आहे का गं?”

“ते मला विचारू नकोस. पण ढकल.”

हा इशाराच झाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ‘घे बिनधास्त’ म्हणणं मला जमलं नसतं. तिने नोंदणी थांबवली. तिचं नाव अखेरपर्यंत यादीत राहिलं.

तेव्हा आधी साहेबांना सरळ विचारा, जाहीर कधी करणार? चार दिवसांचा प्रश्न असेल तर गप्प राहा. समोरचा मोठा खर्च करत असेल, तर सगळ्या शॉप फ्लोअरला दिसतंय तेवढ्यावरच बोट ठेवा आणि थांबवा. बाकीच्या गोष्टी एरवीही सगळ्यांना सांगता येतात: नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ घरी ठेवा, पीएफला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडा, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, तेव्हा तब्येत ठीक आहे तोवर स्वतःचा एक घ्या.

आणि ‘रेकॉर्ड चांगलं राहील’ म्हणून कुणी राजीनामा मागितला, तर त्या खोलीत सही करू नका. कागद आधी युनियनला किंवा कामगार आयुक्त कार्यालयात दाखवा.